चांगदेव पाटलाची चार पुस्तकं, स्टाफरूममधून वाचलेली

मागच्या दिवाळीच्या सुटीत मी सहा पुस्तकं एकदम मागवली. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’, ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्या आणि समीक्षेचं ‘टीकास्वयंवर’. मागवण्याआधी लोकांचे अभिप्राय शोधले तर बहुतेक सगळे ‘कोसला’वर निघाले. ‘बिढार’ ते ‘झूल’ या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील, पण त्याच्या या चार पुस्तकांखाली “छान आहे”, “पार्सल वेळेत आलं” यापलीकडे कुणी फारसं काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते आहे. ही पुस्तकं इंग्रजीच्या एका प्राध्यापकाने इंग्रजीच्या एका प्राध्यापकाबद्दल मराठीत लिहिली आहेत, आणि मी ती त्याच खात्यात बसून वाचली. माझ्या मताला किती वजन द्यायचं ते यावरून ठरवा.

आधी वस्तूबद्दल. छपाई स्वच्छ आहे, अक्षर वाचनीय आहे, कागद डोळ्यांना त्रास देत नाही. बसमध्ये वाचायला ‘हूल’ आणि ‘झूल’ जड पडतात, कारण एका हातात धरून ठेवल्या की मनगट भरून येतं. माझ्या ‘बिढार’मध्ये मात्र मोठा दोष निघाला. मधला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांची जुडी, दोनदा शिवलेला आणि त्याच्या पुढचा फर्मा गायब. सोळा पानं नाहीत म्हणजे काय होतं ते कादंबरी वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मी आधी गोंधळले, मला वाटलं पुन्हा तेच सांगण्याची ही लेखकाची रीत असेल. मग पानांचे आकडे पाहिले. ज्या विक्रेत्याकडून घेतली त्याला फोटो पाठवले. त्याने पहिले आठ दिवस उत्तर दिलं नाही, मग दोन वेळा तेच फोटो पुन्हा मागितले, आणि तिसऱ्या आठवड्यात नवी प्रत पाठवली. सदोष प्रत परत नको म्हणाला. त्या प्रतीचं काय झालं ते शेवटी सांगते. सहाही पुस्तकांची किंमत माझ्या मानधनात मोजली तर तीन-चार दिवसांचे तास होतात. सुटीत तास नसतात आणि तासांशिवाय पैसे नसतात, त्यामुळे ऑर्डर देताना मी दोन दिवस थांबले होते. आता वाटतं, थांबायला नको होतं.

मागवायचं कारण आमच्या विभागातून निवृत्त झालेले एक सर. मी ‘कोसला’ कॉलेजात असतानाच वाचली होती आणि त्या आधारावर नेमाडे वाचलेत असं सांगत असे. सर एकदा म्हणाले, “मॅडम, कोसला सगळेच वाचतात. कोसला विद्यार्थ्यांची. तुम्ही आता टेबलाच्या या बाजूला बसता ना? मग चांगदेव वाचा. तो आपल्या खात्यातला माणूस आहे.”

सरांचं म्हणणं मला ‘कोसला’ पुन्हा वाचल्यावर नीट कळलं. ती 1963 साली आली, रा. ज. देशमुखांनी छापली, तेव्हा नेमाडे पंचवीस वर्षांचे होते. पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्यात शिकायला येतो, होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, कर्ज, नापास होणं, आणि परत गाव. त्यात त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची जी पानं आहेत ती मी यावेळीही एका बैठकीत वाचू शकले नाही. उठून अंगणात गेले. पण प्राध्यापक त्या पुस्तकात लांबून दिसतात. बाकावर बसलेल्या पोराला दिसतात तेवढेच. पांडुरंग ‘मी’ म्हणून बोलतो, उदाहरणार्थ आणि वगैरे करत बोलतो, आणि त्या ‘मी’च्या बाहेरचं जग त्याला फार मोजावंसं वाटत नाही.

मधल्या बारा वर्षांत लेखक स्वतः टेबलाच्या या बाजूला आला. डेक्कन कॉलेजातलं भाषाविज्ञान ‘कोसला’च्या आधीच झालं होतं, मग मुंबईत इंग्रजीचं एम.ए., आणि नंतर अहमदनगर, धुळे, औरंगाबाद असं शिकवत फिरणं. 1975 साली ‘बिढार’ आणि ‘हूल’, 1977 साली ‘जरीला’, 1979 साली ‘झूल’. या चारही पुस्तकांत ‘मी’ गेलेला आहे. आता ‘चांगदेव’ आहे, म्हणजे लेखक त्याच्याकडे दोन पावलं मागे उभं राहून बघतो. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. नोकरी लागलेल्या माणसाला स्वतःच्या दुःखाखेरीज इतरांची दुःखंही रोज बघावी लागतात. शिपायाचं, क्लार्कचं, कायम न झालेल्या सहकाऱ्याचं, फी न भरलेल्या पोराचं. ‘मी’मध्ये ती सगळी मावत नाहीत.

चारांपैकी तीन नावं बघा. बिढार म्हणजे पाठीवर घेऊन हिंडायचा संसार. हूल म्हणजे खोटी चाहूल, दाखवायची एक दिशा आणि जायचं दुसरीकडे. झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर टाकायचं नक्षीचं कापड. आमच्याकडे पोळ्याला झूल टाकलेला बैल दारात येतो तेव्हा लोक झुलीचं कौतुक करतात, बैल त्या वेळीही वर्षभराच्या कामाने वाकलेलाच असतो. ‘प्राध्यापक’ या शब्दाची झूल पाठीवर घेऊन मी स्वतः लग्नाकार्यात फिरले आहे. मावशी सगळ्यांना सांगते, “आमची प्राध्यापक आहे.” जून ते ऑक्टोबरचं मानधन तेव्हा मार्चमध्येही आलेलं नसतं.

या चार पुस्तकांत मला जे मिळालं ते इतर कुठे मिळालं नव्हतं. यांत प्राध्यापकी हे काम म्हणून येतं. भाड्याची खोली, खानावळ, मुलाखतीचं बोलावणं, संस्थाचालक, प्राचार्यांची मर्जी, कोण कुठल्या जातीचा आहे यावरून स्टाफरूममधल्या खुर्च्यांची होणारी मांडणी, गाव सोडताना बांधलेली पुस्तकं. ‘बिढार’मध्ये मुंबई आहे, लिहिणारे मित्र आहेत, मासिकं आहेत, वाङ्मयाची नशा आहे. पुढे गावं बदलतात, कॉलेजं बदलतात, आणि नशा उतरत जाते तसा समाज दिसत जातो. चांगदेव प्रत्येक ठिकाणी नव्याने तीच माणसं भेटल्यासारखा वागतो, आणि वाचताना आपल्याला कळतं की खरंच तीच माणसं आहेत, फक्त आडनावं वेगळी. मी नोकरीसाठी चार जिल्ह्यांत मुलाखती दिल्या आहेत. एका ठिकाणी मुलाखत सुरू व्हायच्या आधीच बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना निकाल माहीत होता. निवड होणारा मुलगासुद्धा आमच्यातच बसलेला होता, आणि तो बिचारा आम्हाला पाणी आणून देत होता. ‘हूल’ वाचताना तो बाक मला पुन्हा दिसला. पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक आहे. बाक बदललेला नाही.

योगायोगाची एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या 1975 साली ‘बिढार’ आणि ‘हूल’ आल्या, त्याच साली इंग्लंडमध्ये डेव्हिड लॉज यांची ‘चेंजिंग प्लेसेस’ आली. लॉज हेसुद्धा इंग्रजीचे प्राध्यापक, समीक्षक आणि कादंबरीकार. 1960 ते 1987 ते बर्मिंगहॅम विद्यापीठात होते, मग लेखनासाठी नोकरी लवकर सोडली. त्यांचं ‘द आर्ट ऑफ फिक्शन’ मी वर्गात वापरते, अगदी सोपं आणि नेमकं पुस्तक आहे. 2025च्या पहिल्याच दिवशी ते गेले तेव्हा मी एस.वाय.च्या वर्गात दहा मिनिटं त्यांच्यावर बोलले होते. ‘चेंजिंग प्लेसेस’मध्ये दोन प्राध्यापक अटलांटिक ओलांडून एकमेकांच्या जागी शिकवायला जातात, एक इंग्लंडमधून अमेरिकेत, एक तिकडून इकडे. चांगदेवही जागा बदलतो, पण त्याच्या परतीचं तिकीट कुणी काढलेलं नसतं. लॉजच्या माणसांना विद्यापीठ हे घर आहे, त्या घरात भांडणं आहेत, लफडी आहेत, चेष्टा आहे. चांगदेवला कॉलेज हे घर कधी वाटतच नाही. मला दोन्ही लेखक प्रिय आहेत. पण माझ्या वर्गातल्या मुलांना प्राध्यापक विमानाने बदलीवर जातो हे परीकथेसारखं वाटतं, आणि मास्तर ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरतो हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता ‘टीकास्वयंवर’. हे 1990चं पुस्तक, त्याच साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते शेवटी वाचायचं ठरवलं होतं, पण ‘जरीला’ला थकले तेव्हा मध्येच उघडलं. आणि तिथून ते माझ्या शिकवण्यात शिरलं ते आजही बाहेर पडलेलं नाही.

झालं असं. आम्हाला टी.वाय.ला कादंबरीचा उदय शिकवावा लागतो. डिफो, ‘रॉबिन्सन क्रूसो’, 1719. रिचर्डसन, ‘पामेला’, 1740. मी दरवर्षी मध्यमवर्गाचा उदय, छापखाना, स्त्रीवाचक असं फळ्यावर लिहिते आणि मुलं ते उतरवून घेतात. डोळे रिकामे. यंदा मी ‘मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप’ हा नेमाड्यांचा लेख आदल्या रात्री वाचून गेले. त्यात ते मराठी कादंबरीच्या तीन वाटा सुरुवातीच्या तीन पुस्तकांपाशी नेऊन पोचवतात: बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, 1857, हळब्यांची ‘मुक्तामाला’, 1861, गुंजीकरांचं ‘मोचनगड’, 1871. पहिल्यात आपल्या समाजातल्या विधवांचे हाल, दुसऱ्यात अद्भुत आणि रंजन, तिसऱ्यात इतिहास. मी फळ्याचा अर्धा भाग मोकळा ठेवला, डावीकडे 1719 आणि 1740, उजवीकडे 1857, 1861, 1871. आणि विचारलं, “मराठीत पहिल्यांदाच कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाला विधवांवर लिहावंसं का वाटलं असेल?” मागच्या बाकावरची एक मुलगी, जी दोन वर्षांत कधी बोलली नव्हती, उठली आणि म्हणाली, “मॅडम, माझ्या आजीचे केस कापले होते.” तिने ते मराठीत सांगितलं, इंग्रजीच्या तासाला. मी तिला थांबवलं नाही. त्या दिवशी तास संपल्याची बेल आम्ही कुणी ऐकली नाही.

इंग्रजीच्या विभागात बसून मराठीकडे बघायचं ही नेमाड्यांची आयुष्यभराची जागा आहे, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली तीच आहे. पोट इंग्रजीवर. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्येही शिकवलं, गोवा विद्यापीठात इंग्रजी विभागाचे प्रमुख होते, शेवटी मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर. आणि या सगळ्या काळात लक्ष कशावर, तर इंग्रजीने मराठीच्या वाक्याचं काय केलं यावर. त्यावर त्यांचं इंग्रजीतलं एक स्वतंत्र पुस्तकच आहे, तेही 1990चंच. देशीवादावर, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतून आणि परंपरेतून यावं या त्यांच्या भूमिकेवर, लोक भांडतात ते बहुतेक वेळा घोषणा म्हणून भांडतात. मला तो भाषाविज्ञान शिकलेल्या आणि परकी भाषा शिकवून जगणाऱ्या माणसाचा अनुभव वाटतो. जो रोज दुसऱ्याच्या भाषेचं व्याकरण फळ्यावर लिहितो त्यालाच आपल्या भाषेचं व्याकरण कुठे दबतंय ते आधी कळतं.

माझं माहेर रावेर तालुक्यातलं. नेमाड्यांचं सांगवी शेजारच्या यावल तालुक्यात, तसंच सातपुड्याच्या पायथ्याला, तसंच केळीच्या बागांचं. घरात आम्ही लेवा बोली बोलायचो. शाळेत बाईंनी ती बोली सोडायला लावली, प्रमाण मराठी शिकवली. कॉलेजात प्रमाण मराठी सोडायला लावून इंग्रजी शिकवली. मी दोन वेळा भाषा बदलली आणि दोन्ही वेळा मला वाटलं की मी वर चढते आहे. बहिणाबाई आमच्याच बोलीतल्या, पण त्या पाठ्यपुस्तकात कविता म्हणून आल्या, त्यामुळे ती बोली ओव्यांपुरतीच असावी असं मी धरून चालले होते. नेमाड्यांच्या गद्यात ती माणसं बोलताना ऐकली तेव्हा मला रडू आलं. मोठं लेखन या भाषेत होऊ शकतं हे मला अडतिसाव्या वर्षी कळावं, तेही इंग्रजी साहित्यात एम.ए., सेट सगळं करून झाल्यावर.

त्यांची इंग्रजी शाळांच्या विरोधातली मतं मला पूर्ण पटत नाहीत, हेही लिहायला हवं. मुलांनी मातृभाषेतच शिकावं हे मला मान्य आहे. माझी मुलगी मराठी शाळेत आहे, आणि त्यासाठी सासरी बरंच ऐकून घेतलं आहे. पण माझ्या वर्गातली जी मुलं केळीच्या बागेत काम करून सकाळच्या बसने येतात त्यांना इंग्रजी हवंच आहे. कुणी तरी त्यांच्या वतीने ते नको म्हणावं हे मला चालत नाही. या मुलांना दोन्ही द्यायचं म्हणजे काय करायचं याचं उत्तर नेमाड्यांच्या समीक्षेत मला सापडलं नाही. चांगदेवच्या वर्गांत मात्र ही मुलं बसलेली दिसतात. समीक्षक जिथे ठाम आहे तिथे कादंबरीकार जास्त हळवा आहे, आणि माझा विश्वास कादंबरीकारावर जास्त आहे.

दुसरं न पटलेलं. कथा या प्रकाराला ते फार कमी लेखतात. हे वाचताना मी पुस्तक मिटलं आणि जी. ए. कुलकर्णींना आठवलं. तेही इंग्रजीचे प्राध्यापक, धारवाडला वर्षानुवर्षं शिकवलं, आणि लिहिल्या त्या कथाच. कथेत मोठं काही मावत नाही असं म्हणणाऱ्याने जी. एं.चं काय करायचं? मोठा भाषिक अवकाश लागतो म्हणून कादंबरी श्रेष्ठ, हा विचार मला एका कादंबरीकाराची गरज म्हणून समजतो. सगळ्या वाङ्मयाचा नियम म्हणून तो मी घेणार नाही. पण हीच गंमत, म्हणजे आनंद, या पुस्तकाचा आहे. ‘टीकास्वयंवर’ वाचताना पानोपानी वाद घालावासा वाटतो. माझ्या प्रतीच्या समासात आता पेन्सिलीने इतकं लिहून झालंय की ती कुणाला वाचायला देता येणार नाही. ‘लेखकराव’ हा शब्द तिथून उचलून आम्ही स्टाफरूममध्ये वापरायला लागलो आहोत, कारण लिहिण्यापेक्षा लेखक म्हणून मिरवणं जास्त झालेली माणसं आमच्या तालुक्यातही आहेत.

चांगदेवच्या पुस्तकांत मला खुपलेली सगळ्यात मोठी गोष्ट बायकांची आहे. पारू सावनूरसारखी बाई चांगदेवला दिसते तेवढीच आपल्याला दिसते. तिला रात्री घरी जाताना काय वाटतं, तिच्या पगाराचं काय होतं, तिच्या घरचे तिला काय म्हणतात, हे मला हवं होतं. स्टाफरूममध्ये ज्या कोपऱ्यात आम्ही दोघी-तिघी डबे उघडतो त्या कोपऱ्याकडे लेखकाने वळून पाहिलं नाही. ‘मी’ सोडून ‘चांगदेव’पर्यंत तो आला, आणखी एक पाऊल मागे आला असता तर तीही दिसली असती. ज्या बाईने ही नोकरी केली आहे तिने ही उरलेली कादंबरी लिहावी असं मला फार वाटतं. मी थोडं लिहून पाहिलं आहे. सध्या चाळीस पानं आहेत.

‘जरीला’ मला दोनदा बाजूला ठेवावी लागली. पात्रं फार येतात, आणि प्रत्येकाची हकिगत सांगून झाल्याशिवाय लेखक पुढे सरकत नाही. पण ज्यांना कॉलेजातली माणसं माहीत आहेत त्यांना हे लांबण जड जाणार नाही. आमच्या खात्यात माणसं अशीच असतात, प्रत्येक जण तासाला जाता जाता आपली पूर्ण कहाणी सांगतो. ‘झूल’पर्यंत पोचल्यावर चारही पुस्तकांचं वजन एकदम हातात येतं. ‘झूल’ मी तीन रात्रींत संपवली.

आणि एक हिशेब मी वारंवार करते. ‘झूल’ 1979ची. त्यानंतरची कादंबरी, ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’, 2010ची. मध्ये एकतीस वर्षं. या एकतीस वर्षांत नेमाड्यांनी तुकारामांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ‘साहित्याची भाषा’ लिहिलं, ‘टीकास्वयंवर’ लिहिलं, ‘देखणी’च्या कविता लिहिल्या, आणि विद्यापीठांत शिकवलं. कादंबरी आली नाही. आधी चार वर्षांत चार कादंबऱ्या, आणि विद्यापीठात प्रमुखपदावर गेल्यावर एकही नाही. हे मी सरांना विचारलं. मला वाटत होतं ते म्हणतील, पद आलं की लेखन जातं. सर म्हणाले, “नाही मॅडम. ‘हिंदू’ उघडा. एवढं मोठं पुस्तक कुणी निवृत्तीनंतर अचानक लिहीत नाही. वर्गात जे बोलत होते ते तिथे साठत होतं.” मी ‘हिंदू’ अजून अर्धीच वाचली आहे, पण सरांचं खरं असावं असं वाटतंय. ‘हिंदू’चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, उत्खनन करणारा. थरावर थर. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यातही तसेच थर बसत असणार. 2014चा ज्ञानपीठ, पन्नासावा, त्यांना मिळाला. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा यांच्यानंतरचा मराठीतला चौथा. विंदासुद्धा इंग्रजीचेच प्राध्यापक होते. आमच्या विभागाच्या दरवाजावर मी या दोन ओळी लिहून लावल्या आहेत. येणारी मुलं वाचतात.

कुणी घ्यावीत? जे शिकवतात त्यांनी चारही घ्यावीत, क्रमाने वाचावीत, ‘बिढार’पासूनच. मुंबईच्या नशेशिवाय पुढचं उतरणं कळत नाही. जे अजून शिकताहेत त्यांनी ‘कोसला’ घ्यावी आणि बाकीची पाच-सात वर्षांनी. ‘टीकास्वयंवर’ मराठी, इंग्रजी, हिंदी कुठल्याही वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने घ्यावं, पण पेन्सिल घेऊन बसावं. एकदम संच मागवणार असाल तर पार्सल उघडल्या उघडल्या प्रत्येक पुस्तकाची पानं मोजा, सोळा-सोळाच्या टप्प्याने पाहिलंत तर पाच मिनिटांत होतं. मी मोजली असती तर तीन आठवडे वाचले असते.

ती सदोष ‘बिढार’ मी टाकली नाही. नव्या प्रतीतून गहाळ सोळा पानांची झेरॉक्स काढली, आणि बसस्टँडमागच्या बाइंडिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी दोनदा आलेला फर्मा उसवून काढला, झेरॉक्सची पानं त्या जागी शिवली, वर खाकी पुठ्ठा घातला. ऐंशी रुपये घेतले. आता ती प्रत स्टाफरूमच्या कपाटात असते. मागच्या कोऱ्या पानावर नेणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची असं ठरवलं आहे. पाच नावं झाली आहेत, पाचही तासिकावाले. गणिताचे एक सर आहेत, मराठी पुस्तक शाळेनंतर हातात धरलं नव्हतं म्हणाले. परवा सकाळी पहिल्या तासाआधी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, हूल आणलीत का?”

पिशवीतून काढून दिली. त्यांनी उभ्या-उभ्याच पहिलं पान उघडलं, बेल झाली, आणि पुस्तक काखेत धरून ते वर्गावर गेले.